एक बर्थ, पाच केंद्रे

रेल्वेच्या एकाच बर्थचे तिकीट दोन प्रवाशांना मिळाले तर? भांडण तर होईलच. पण दोष प्रवाशांचा नसून नोंद ठेवण्याच्या पद्धतीचा असेल. मोठ्या संस्थेने माहिती कोठे ठेवावी, ती कोणी बदलावी आणि तिचे विभाग एकमेकांशी कसे जोडावेत, या आराखड्याला आपण संस्थेची ‘संगणकीय रचना’ म्हणू. ती निवडायची कशी?

भारतीय रेल्वेचेच उदाहरण घेऊ. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकाद्वारे आरक्षण सुरू झाले. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथेही केंद्रे उभी राहिली. आता ती जोडायची होती. अशा वेळी दोन मार्ग संभवतात : सर्व नोंदी एकाच केंद्रात आणणे, किंवा पाच केंद्रे ठेवून ती जोडणे.

समजा, प्रत्येक केंद्र १०० तासांपैकी ९९ तास चालते. (हा आकडा केवळ गणितापुरता.) केंद्र एकच असेल, तर उरलेला एक तास देशभरच्या खिडक्या बंद! केंद्रे पाच असतील आणि एकाचा बिघाड दुसऱ्यावर अवलंबून नसेल, तर पाचही एकदम बंद पडण्याची संभाव्यता ०.०१ चा पाचवा घात, म्हणजे एक हजार कोटींत एक.

पण थांबा. दिल्ली केंद्रातील गाडीचे तिकीट मुंबईत काढताना दोन्ही केंद्रे चालू हवीत. ही संभाव्यता ०.९९ × ०.९९ = ०.९८०१. म्हणजे शंभरात सुमारे दोनदा काम अडेल. एक धोका घटला, दुसरा वाढला.

मग प्रत्येक केंद्रात सर्व नोंदींची प्रत ठेवली तर? तर मुंबई व चेन्नई एकाच क्षणी एकच बर्थ विकू शकतील. म्हणून ‘कॉन्सर्ट’ या प्रणालीत एका गाडीची नोंद एकाच केंद्राकडे ठेवली. इतर केंद्रांनी त्या केंद्राला विचारूनच तिकीट द्यायचे. १९९९ मध्ये पाचही केंद्रे अशी जोडली गेली.

यावरून ध्यानात येईल की, सर्व दृष्टींनी उत्तम अशी रचना नसते. बिघाड किती पसरेल, नोंद एकच राहील का, काम वाढल्यास काय होईल, हे निकष आधी ठरवावेत व त्यांना महत्त्वानुसार गुण द्यावेत.

करून पाहा : पाच शाळांनी आपली ग्रंथालये सर्वांना खुली केली, तर पुस्तकांची नोंदवही कोठे ठेवाल? का?