डबा उघडण्याआधी ऐक

बाळा, आजीचा पितळी डबा तुझ्याकडे आला, फार बरं झालं. उज्जैनच्या आपल्या जुन्या मराठी घरांत असे डबे पुष्कळ आहेत. वर्षभर कपाटात असतात आणि लक्ष्मीपूजनाला तेवढे चौरंगावर येतात. त्यात राणीछाप असतात, राजाछाप असतात, एखादा फारसी अक्षरांचा जाडजूड रुपया असतो आणि नशीब असलं तर नखाएवढं क्षत्रपांचं नाणंही निघतं. ठेवायचं की विकायचं, ते तूच ठरवायचंस. पण तुला घाई फार, ते मला माहीत आहे. म्हणून छोटं छोटं करून लिहिलंय.

१. पहिली गोष्ट, घासू नकोस. चिंच नको, राख नको, रांगोळी नको, टूथपेस्ट नको, सराफाचं पॉलिशही नको – वर्षानुवर्षं चढलेली ती काळसर-निळी झाक संग्राहक पैसे मोजून घेतो, आणि एकदा गेली की ती कुणालाच परत आणता येत नाही. घासला रुपया, वजनावर गेला.

२. पूजेला दिवाळीतलं नवं लक्ष्मीचं नाणं वेगळं ठेव, जुन्यांना पंचामृत आणि ओलं कुंकू लावू नकोस – दह्याचा आंबटपणा चांदीवर डाग पाडतो आणि कुंकू अक्षरांच्या खाचेत बसतं. देवी रागावत नाही, खात्री बाळग.

३. नाणं कडेनं धर आणि खाली चौघडी टॉवेल अंथर – बोटाच्या घामाचा ठसा चांदीवर राहतो, आणि फरशीवर पडलेल्या नाण्याच्या कडेला पडलेला खळगा बुजत नाही.

४. प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी. कुणाकडून आलं, कधी, कुठून, कितीला घेतलं आणि वजन किती, एवढंच लिही, पण पेन्सिलीनं लिही – शाई ओलाव्यानं पसरते. चिठ्ठी हरवली की नाणं पोरकं होतं, आणि पोरक्या नाण्याला गिऱ्हाईक अर्ध्या विश्वासानं पाहतं.

५. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नकोस, रबर लावू नकोस, वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस – काही महिन्यांत चांदीवर हिरवट चिकट थर येतो किंवा ती काळी पडते. नाण्यांसाठी मिळणारे पुठ्ठ्याचे चौकोन आणि डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या, एवढ्यात काम होतं. आपल्या माळव्याच्या पावसाळ्यात त्या पुड्या बदलायला विसरू नकोस.

६. शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घे. इंग्रजांचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा – म्हणून तर आपल्याकडे सराफ आणि किराणावालेही कलदार रुपयाच तोळ्याचं वजन म्हणून वापरत. झिजून थोडा उतरला असेल तर चालतं. वाढला असेल तर मात्र थांब.

७. आता पाण्याची परीक्षा. ही नीट शिक, कारण सराफासमोर हीच कामाला येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आण. रुपया बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडव, पण तळाला आणि काठाला टेकू देऊ नकोस. ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाला काटा सुमारे १.१३ दाखवतो. जर्मन सिल्व्हरचा असेल तर १.३ च्या वर जातो – वजन जुळवून नकली नाणं करता येतं, पण वजन आणि आकारमान दोन्ही एकदम जुळवणं कठीण असतं.

८. याच परीक्षेत १९४० ते १९४५ चे राजाछाप रुपये १.२ च्या वर दाखवतील, त्यांना नकली म्हणू नकोस – महायुद्धाच्या काळात सरकारनंच चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच, चांदी अर्धी. विकताना हा ढीग वेगळा ठेव, नाहीतर सगळ्यांचा भाव खालच्याच्या हिशेबानं लागेल.

९. चुंबक खिशात ठेव. १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया त्याला चिकटेल – तो निकेलचा आहे, चांदीचा नाहीच. जपून ठेवावा असा आहे, पण चांदीच्या भावानं घेऊ नकोस.

१०. नाण्यावरच्या सालावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. १८६२ साल असलेला राणीछाप रुपया १८६२ चाच असेल असं नाही – पुढे १८७४ पर्यंत तोच आकडा घालून रुपये पाडत राहिले, आणि बारीक ठिपक्यांवरून जाणकार त्यांची वर्षं लावतात. भिंग घे, ठिपके मोज.

११. १८७७ साली राणीची सम्राज्ञी झाली, म्हणून क्वीन आणि एम्प्रेस असे दोन वेगळे ढीग कर. १९११ चा राजाछाप आणि १९३९ चा रुपया दिसला तर तो बाजूला काढ – १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गवगवा झाला, नक्षी बदलावी लागली आणि त्यातले पुष्कळसे रुपये वितळवले गेले. १९३९ चेही फार थोडे बाहेर आले. आणि दुर्मीळ म्हणून समोर येणारं नाणं नकलीही जास्त असतं, हे त्याच दमात लक्षात ठेव.

१२. फारसी अक्षरांचा रुपया दिसला म्हणून "मुघली" असं लिहून मोकळा होऊ नकोस. उज्जैनची टाकसाळ मुघलांच्या काळात दारुल-फतह म्हणून ओळखली जायची. शिंद्यांची राजधानी इथे होती तेव्हाही इथे रुपये पडले, आणि त्यांच्यावर नाव शाह आलम बादशहाचंच – नाणं पाडणारा एक आणि नाण्यावरचं नाव दुसऱ्याचं, ही त्या काळची रीत होती. बेलपत्र आणि शिवलिंग असलेला रुपया मात्र होळकरांचा, अहिल्याबाईंच्या कारभाराची खूण. तो दिसला की वजनाच्या भावाचं बोलणंच काढू नकोस.

आता नखाएवढ्या नाण्यांकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार, कारण आपल्या मातीचं खरं धन हेच. चष्टनानं उज्जैनला गादी केली आणि पुढे तीनेक शतकं पश्चिमी क्षत्रपांनी चांदीची ही चिमुकली नाणी पाडली. वजन साधारण दोन ते सव्वादोन ग्रॅम. एका बाजूला राजाचा मुखवटा. दुसरीकडे तीन कमानींचा डोंगर, वर चंद्रकोर, खाली नदीची नागमोडी रेघ, आणि भोवती ब्राह्मी अक्षरांत राजाचं नाव आणि त्याच्या बापाचंही. एवढ्याशा चांदीवर बापाचं नाव लिहिलं, म्हणूनच आज त्यांची वंशावळ लावता येते. नंतरच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर मुखवट्यामागे शक वर्षही असतं. त्यात ७८ मिळव, इसवी सन आलं. चौथ्या शतकाच्या अखेरीस की पाचव्याच्या आरंभी, दुसऱ्या चंद्रगुप्तानं त्यांना हरवलं, पण नाण्याचा घाट तोच ठेवला. लोकांच्या हाताला सवय झाली होती ना! डोंगराच्या जागी फक्त गरुड आला.

१३. म्हणून उलटी बाजू आधी बघ: डोंगर असेल तर क्षत्रप, गरुड असेल तर गुप्त – मुखवटे झिजतात आणि सगळे सारखेच दिसायला लागतात.

१४. दोन जुनी नाणी तंतोतंत एकसारखी, छाप एकाच बाजूला तेवढीच सरकलेली, अशी दिसली तर दोन्ही खाली ठेव – हातानं ठसा मारलेली दोन नाणी कधी अशी जुळत नाहीत, ती एकाच साच्यातून ओतलेली असतात. कडेची बारीक जोडरेघ आणि पृष्ठभागावरची सुईच्या टोकाएवढी भोकंही तेच सांगतात.

१५. रुपयावर छोटे छिन्नीचे घाव किंवा बारीक शिक्के दिसले तर ते बुजवायला नेऊ नकोस – जुन्या सराफांनी चांदी पारखून केलेल्या त्या खुणा आहेत, आणि पारख झालेलं नाणं हाही इतिहासच आहे.

१६. कडी डाकवलेल्या रुपयांची माळ असेल तर कड्या उपटू नकोस – डाक लागलेला रुपया सुटा झाला तर संग्राहकाच्या कामाचा राहत नाही, पण अख्खी माळ जुना दागिना म्हणून मानानं जाते.

१७. एकत्र सापडलेली किंवा एकाच घरातून आलेली नाणी वेगवेगळी करू नकोस. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांशांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला होता, आणि त्यात आपलं उज्जयिनी चिन्ह होतं – इतकी नाणी एकत्र मोजता आली म्हणून कुणी कुणाला हरवलं ते ठामपणे सांगता आलं. मूठमूठ करून ती बाजारात विखुरली असती तर हे कळलं नसतं.

१८. गढकालिकेच्या बाजूला पावसानं माती वाहिली की काहीतरी चमकतं, शिप्रेच्या पात्रातही सापडतं. अशा वेळी खिशात टाकू नकोस – १८७८ च्या कायद्यानं जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, आणि लपवणाऱ्याचा हक्कही जातो, वर शिक्षाही होते. विकायला आलेल्याच्या नाण्यावर ओली माती दिसली तरी हेच: शंका आली, बटवा बंद.

१९. शंभर वर्षं झालेलं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते परदेशी पाठवू नकोस. अमेरिकेतल्या मामेभावाला आहेर म्हणूनसुद्धा नको – किमान सहा महिने कैदेचा गुन्हा आहे, आणि विमानतळावर "घरचंच आहे" हे कुणी ऐकत नाही. धंदा म्हणून अशी नाणी विकायची झाली तर परवाना लागतो, तो आधी काढ.

२०. पटनी बाजारात किंवा सराफ्यात नेलंस तर डबा अख्खा ओतू नकोस, प्रत्येक प्रकारचं एकेक दाखव – समोरचा भला असला तरी ढीग दिसला की भाव ढिगाचा निघतो. चांदीचा आजचा दर घरून बघून जा, आणि मोडीचा भाव की नाण्याचा भाव हे पहिल्याच वाक्यात विचार.

२१. साध्या राणीछाप रुपयाला चांदीच्या भावाहून फार जास्त मिळत नाही, हे मनाशी धर – ते लाखोंनी पाडले गेले आणि लाखो घरांत आहेत. म्हणून तर आधी निवडायचं आणि मग विकायचं.

२२. एकाच्या बोलीवर हो म्हणू नकोस, आणखी दोघांना विचार – दुसऱ्या दुकानाची पायरी फुकट असते.

२३. लिलावाला देताना दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि नाण्यांची संख्या लिहिलेली पोच घे. दलाली किती, आणि विकलं गेलं नाही तर परतीचा खर्च कुणाचा, तेही आधी विचार – हे विचारल्यानं चांगला माणूस दुखावत नाही.

२४. "तुमच्या नाण्याला पन्नास लाख देतो, आधी नोंदणी फी भरा" असा फोन आला की ठेवून दे. रिझर्व्ह बँकेनंच २०२१ साली लोकांना सावध केलंय की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि फी किंवा दलाली कधीच मागत नाही. आणि हे पाठ कर: पैसे घ्यायला पिन लागत नाही – पिन मागितली म्हणजे पैसे जायचेच आहेत.

२५. कंपनी सरकारचं १८१८ चं राम दरबाराचं नाणं कुणी कोटीला सांगेल. नमस्कार कर आणि पुढे हो – कंपनीनं असं नाणं पाडलंच नव्हतं. श्रद्धेनं देवघरात ठेवायला हरकत नाही. २०२८ च्या सिंहस्थात रामघाटावर अशी खूप दिसतील.

२६. बघायला शिकायचं तर दुकानाआधी संग्रहालयात जा. आपल्या जिल्ह्यातच महिदपूरला अश्विनी शोध संस्थानात नाण्यांचा मोठा संग्रह आहे, उज्जैनला सम्राट विक्रमादित्य (पूर्वीच्या विक्रम) विद्यापीठाचं संग्रहालय आहे, आणि महाराष्ट्रात आलास तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे – शंभर खरी नाणी पाहिलेल्या डोळ्याला एकशे एकावं खोटं आपोआप खटकतं. भीमबेटका जगापुढे आणणारे आपले वाकणकर सरही माळव्यात फिरताना नाणी पाहत, टिपत आणि जमवत.

२७. आणि विकलंस तरी एक नाणं घरात ठेव, बाकीच्यांचे फोटो आणि चिठ्ठ्यांच्या नकला ठेव – पैसे वर्षभरात खर्च होतात, आणि तुझी पोरं एक दिवस विचारतील, पणजीच्या डब्यात काय होतं म्हणून.

डब्यातल्या कुठल्या नाण्याची कुठली गोष्ट, हे आजीच्या पिढीतली दोन-तीनच माणसं आता सांगू शकतात. दिवाळीची वाट बघू नकोस. या रविवारीच त्यांच्याजवळ बस आणि चिठ्ठ्या लिहून घे.