घटकाभर विसावा

वाचक मंडळी, बैलपोळा आपण सगळे जाणतो. त्या दिवशी बैलाला औताला जुंपत नाहीत. त्याला धुतात, सजवतात, पुरणपोळी खाऊ घालतात. एरवीसुद्धा ऊन चढले की शेतकरी जू काढतो आणि बैल सावलीला बांधतो. दमलेला बैल काम ओढत नाही, हे त्याला ठाऊक असते.

पण घरातल्या आईच्या खांद्यावरचे जू कोण काढतो? माझ्या घरी तरी कोणी काढत नव्हते. तीच गोष्ट आज सांगतो.

मी शाळेत हेडमास्तर होतो. पुष्कळ वर्षे मुलांना हिशेब शिकवला. घरचा हिशेब मात्र कधी मांडला नाही.

एके दिवशी सकाळी नातवाच्या हातून दुधाचा तांब्या सांडला. सूनबाईने त्याला फाडकन मारले. पोर रडू लागले. मग तीही पदरात तोंड घालून रडू लागली. एरवी ती मुलांवर कधी हात टाकत नसे.

मी विचारले, "पोरी, काय झालं?"

ती म्हणाली, "मामा, दुधाचं काही नाही. पहाटेपासून डोकं भणभणतंय. कुणी हाक मारली तरी नकोसं होतं."

मी पाटी घेतली. तिची दिवसभराची कामे लिहीत गेलो. पहाटे पाचला उठणे. झाडलोट. पाणी भरणे. भाकऱ्या. डबे. मुलांची शाळा. गोठा. मग शेतात खुरपणी. घरी आल्यावर पुन्हा स्वयंपाक. भांडी. रात्री दहानंतर अंथरूण. पाटी दोन्ही बाजूंनी भरली. 'विसावा' हा शब्द लिहायला जागाच उरली नाही. आणि त्या पाटीवर माझे काम कोणते? दिवसातून तीन वेळा चहा मागणे!

हे माझ्याच घरी आहे असे नाही. २०२४ साली सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे घालवतात, असे दिसले. म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणारे पुरुष देतात ८८ मिनिटे. म्हणजे दीड तासही नाही. शेतातले काम आणि मजुरी यांत धरलेली नाही.

रात्री जेवताना मी पाटी वाचून दाखवली. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. आमची मंडळी मात्र म्हणाली, "आम्ही नाही का केलं हे सगळं? वर दळणसुद्धा केलं."

मी म्हटले, "खरं आहे. मग तुमचं डोकं कसं शांत राहायचं?"

ती जरा थांबली. म्हणाली, "माझी आई जात्यावर बसायची. शेजारीण यायची. दोघी ओव्या म्हणायच्या. सासरचं, माहेरचं, मनातलं सगळं ओवीत निघून जायचं."

मंडळी, यात मोठी गोष्ट आहे. दळण गिरणीत गेले. बायकांचे हात सुटले, हे फार चांगले झाले. पण मन मोकळे करायची जागाही त्याबरोबर गेली. शरीराला विसावा लागतो, तसा मनालाही लागतो. मनात कोंडलेले दुःख कुठे तरी निघते. बहुधा ते लेकरावर निघते.

मग आम्ही घरात ठरवले. पाणी मुलाने भरायचे. दळण मी न्यायचे. नातवाचे दप्तर मी पाहायचे. अंथरुणे ज्याची त्याने घालायची. दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास सूनबाईला कोणी हाक मारायची नाही. आणि आठवड्यातून एकदा बचत गटाच्या बैठकीला तिने बिनघोर जायचे.

पहिले काही दिवस तिला पडवत नव्हते. शेजारीपाजारी म्हणाले, "सून दुपारची झोपते!" तेव्हा आमच्या मंडळींनीच उत्तर दिले, "बैलाला सावली चालते, मग सुनेला का नाही?"

सगळा ताण गेला, असे मी म्हणणार नाही. कामे आहेतच. पण परवा पुन्हा दूध सांडले. सूनबाईने फडके आणले, नातवाच्या हाती दिले आणि म्हणाली, "आता तूच पूस." आणि हसली.

आयांनो, एवढे ध्यानात ठेवा.

१. राग चढला की उत्तर देण्याआधी थांबा. दहा वेळा सावकाश श्वास घ्या. श्वास सोडताना जास्त वेळ लावा. छातीची धडधड कमी होते.

२. सगळ्यांना वाढून उरलेले खाऊ नका. घरच्यांबरोबर जेवा. रात्रीची झोप मोडू नका.

३. विश्रांती घेऊनही थकवा जात नसेल, चक्कर येत असेल, तर उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. हा आळस नव्हे, आजार आहे. त्यावर गोळ्या मिळतात.

४. मनातले एका विश्वासाच्या माणसाला सांगा.

५. झोप उडाली, सारखे रडू येते, जीव नकोसा वाटतो, असे झाले तर लपवू नका. डॉक्टरांना सांगा. टेलिमानस ही सरकारी सोय २०२२ पासून आहे. १४४१६ या नंबरावर फुकट बोलता येते, मराठीतही.

आणि बापयांनो, आईचा विसावा ही तिच्यावर मेहेरबानी नाही. तो तिच्या हक्काचा आहे. तो घरातल्या सगळ्यांनी मिळून काढून द्यायचा असतो.

पाटीवर लिहा :

१. तुमच्या घरातल्या आईची दिवसभराची कामे कोणती?

२. त्यांतले कोणते काम तुम्ही उद्यापासून कराल?