आत्मनिंदा व आत्मस्वीकार
(इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांकरिता)

विषयप्रवेश

वहीतील फुली पाहून एक मूल म्हणते, ‘माझे हे उदाहरण चुकले.’ त्याच्याच शेजारी बसलेले दुसरे मूल म्हणते, ‘मला गणित येतच नाही, मी ढच आहे.’ दोघांची चूक एकच असते. पहिल्याने आपल्या कृतीस दोष दिला, दुसऱ्याने स्वतःसच दोषी ठरविले. पहिले मूल चूक दुरुस्त करावयास बसते. दुसरे वही मिटून ठेवते. वर्गात मागे पडणाऱ्या पुष्कळ मुलांच्या बाबतीत बुद्धीच्या उणिवेपेक्षा ही मिटलेली वहीच अधिक अनर्थ करते, हे अनुभवी शिक्षकांस ठाऊक आहे.

आपल्या वागण्याकडे डोळसपणे पाहणे म्हणजे आत्मपरीक्षण. ते प्रत्येकास आवश्यक आहे. स्वतःस कमी लेखून मनातल्या मनात टोचीत राहणे म्हणजे आत्मनिंदा. ही दोन एकमेकांसारखी दिसतात, म्हणून पालकांची व शिक्षकांचीही फसगत होते. मूल स्वतःस बोल लावीत आहे, अर्थी त्यास चुकीची जाणीव झाली, असे समजून वडील मंडळी समाधान मानतात. वस्तुतः त्या मुलाचे लक्ष चुकीवरून उडून स्वतःच्या हीनपणावर खिळलेले असते. अशा मनाने सुधारणा होत नाही आणि आनंदही लाभत नाही.

मंगळवेढ्याचे चोखोबा

या विषयाचे एक थोर उदाहरण सोलापूर जिल्ह्याच्याच भूमीत आहे. चौदाव्या शतकात होऊन गेलेले संत चोखामेळा यांचे वास्तव्य मंगळवेढ्यास होते. ज्या समाजात त्यांचा जन्म झाला, त्यास त्या काळी अस्पृश्य मानीत. पंढरपूर तेथून जवळ. तेथील विठ्ठलावर त्यांची अपार भक्ती. परंतु मंदिरात पाऊल ठेवण्याची त्यांस मनाई होती. गावचे कष्टाचे काम करावे, अपमान सोसावा आणि ज्या देवाचे नाव घ्यावे त्याचे दर्शन दुरूनच मनात आणावे, असे त्यांचे आयुष्य होते.

अशा माणसाच्या मनाची अवस्था काय होत असेल? चोखोबांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत आणि त्यांत या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मिळते. काही अभंगांत ते स्वतःस हीन म्हणवितात, आपला जन्म पूर्वकर्माचे फळ मानतात. भोवतालचा समाज उठता-बसता जे ऐकवीत होता, तेच त्यांच्या मुखातून उमटते. आत्मनिंदेचे एक मर्म येथे कळते. माणूस स्वतःविषयी जे कठोर बोलतो, ते पुष्कळदा त्याचे स्वतःचे नसते. इतरांनी वारंवार म्हटलेले तो आपले समजून घोकीत असतो.

परंतु चोखोबा तेथेच थांबले नाहीत. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात उसाची उपमा आहे. बाहेरून दिसणाऱ्या आकारावरून आतल्या गोडीची परीक्षा करू नये, असा त्याचा आशय आहे. या जिल्ह्यातील मुलांस ऊस सांगावा लागत नाही. वाऱ्याने लोळलेला, कांड्यांत वाकलेला ऊस त्यांनी फडात पाहिलेला असतो आणि दातांनी सोलून खाल्लेलाही असतो. ज्या माणसास सारा गाव बाह्य रूपावरून तोलीत होता, त्याने शेतातील नित्याची वस्तू घेऊन आपल्या अंतरंगाची ग्वाही दिली. ‘मी इतरांहून श्रेष्ठ आहे’ असा दावा त्यात नाही. ‘मी जसा आहे तसा आहे आणि माझी भक्ती खरी आहे’ एवढेच त्यात आहे. आत्मस्वीकार म्हणतात तो हाच.

या स्वीकाराचा परिणाम त्यांच्या घरात दिसतो. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांनी अभंगरचना केली. ज्यांस बोलण्याचाही अधिकार नाकारला होता, अशा एका घरातून पाच कवी निर्माण झाले. पुत्र कर्ममेळा यांनी तर आपल्या वाट्यास आलेल्या हीन वागणुकीबद्दल देवासच जाब विचारला.

स्वीकार म्हणजे निमूटपणे सोसणे नव्हे

इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला, असे सांगितले जाते. संत नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास नेल्या आणि विठ्ठल मंदिराच्या महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधविली, अशी वारकरी परंपरा आहे. ती समाधी आजही तेथे आहे. जिवंतपणी ज्यांस आत जाता आले नाही, त्यांस आज दारी येणारा प्रत्येक वारकरी नमस्कार करतो.

मुलांस हे सांगताना शिक्षकांनी एक दक्षता घ्यावी. चोखोबांनी स्वतःचा स्वीकार केला, म्हणून त्यांच्यावरील अन्याय क्षम्य ठरत नाही. मंदिराचे दार उघडण्यास पुढे सहाशेहून अधिक वर्षे लागली. त्यासाठी साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. त्या वर्षी मंदिर सर्वांस खुले झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. जो स्वतःस हीन मानीत नाही, त्यासच अन्याय हा अन्याय म्हणून ओळखू येतो. म्हणून आत्मस्वीकार आणि अन्यायाचा प्रतिकार यांत विरोध नाही. पहिल्यावाचून दुसरा उभाच राहत नाही.

आधुनिक मानसशास्त्राचे मत

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास आपली उपचारपद्धती मांडली. माणसाच्या कृतीचे मूल्यमापन जरूर करावे. परंतु एका कृतीवरून संपूर्ण माणसाचे मोल ठरवू नये, हा तिचा एक आधारस्तंभ होय. ‘मी नापास झालो’ हे सत्य असू शकते. ‘मी नालायक आहे’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

स्वतःशी सौम्यपणे वागल्याने मूल आळशी होईल, अशी शंका पुष्कळांस येते. ज्युलियाना ब्राइन्स व सेरेना चेन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील विद्यार्थ्यांवर प्रयोग करून त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध केले. एका अवघड शब्दज्ञान चाचणीनंतर काही विद्यार्थ्यांस ‘ही अनेकांस जड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका’ असे सांगितले; काहींस त्यांच्या बुद्धिमत्तेची ग्वाही दिली; काहींस काहीच सांगितले नाही. पुढील चाचणीसाठी अधिक वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटाने. सौम्यतेने प्रयत्न वाढला, घटला नाही.

स्तुतीविषयीही असाच बोध मिळतो. क्लॉडिया म्युलर व कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांपैकी काहींच्या हुशारीची व काहींच्या प्रयत्नांची प्रशंसा केली. पुढे अवघड उदाहरणांत अपयश येताच हुशारीची स्तुती झालेली मुले लवकर खचली. ‘तू हुशार आहेस’ हाही संपूर्ण मुलावर मारलेला शिक्काच होय. शिक्का गोड असला तरी तो पुसला जाण्याचे भय मुलाच्या मनात राहतेच.

वर्गात करावयाचे

१. *मुलाचे वाक्य बदलून द्यावे.* ‘मला भागाकार येत नाही’ असे मुलाने म्हटल्यास ‘हातचा घेऊन वजाबाकी करताना तुझी चूक होते, ती पाहू’ असे म्हणावे. चूक जितकी नेमकी दाखविली जाईल, तितकी ती मुलाच्या आवाक्यात येते.

२. *टोपणनावे बंद करावीत.* ढ, मठ्ठ, आळशी हे शब्द शिक्षकांच्या तोंडून गेले की मुलांच्या खेळातही जातात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे.

३. *घरच्या भाषेचा मान राखावा.* सोलापूर शहरात घरी तेलुगू बोलणारी, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर भागात कन्नड बोलणारी कितीतरी मुले आहेत. मराठी वाचनात ती अडखळली तर त्यांस एक भाषा अर्धी येते असे न समजता ती दोन भाषा शिकत आहेत असे समजावे. त्यांच्या घरच्या भाषेतील एक शब्द रोज फळ्यावर लिहून वर्गास शिकवावा. शिकविणारे ते मूलच असावे.

४. *हंगामाहून परतलेल्या मुलास सांभाळावे.* ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर गेलेले मूल परतते, तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. ‘मी मागे पडलो’ असे तेच म्हणते. चार महिने शाळा हुकली हे कारण आहे, बुद्धी उणी हे कारण नव्हे, हे त्यास सर्वांसमक्ष सांगावे आणि हुकलेला भाग कसा भरून काढावयाचा याची आखणी त्याच्याबरोबर करावी.

५. *स्वतःची चूक कबूल करावी.* फळ्यावर शिक्षकांकडून बेरीज चुकल्यास ती लपवू नये. ‘येथे माझी चूक झाली, आता दुरुस्त करतो’ हे एक वाक्य मुलांस दहा उपदेशांहून अधिक शिकविते.

एखादे मूल दीर्घकाळ खिन्न असेल, खाणे-खेळणे टाकीत असेल किंवा ‘मी नकोच’ अशा अर्थाचे बोलत असेल, तर केवळ समजूत घालून थांबू नये. पालकांस विश्वासात घेऊन डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक शाळेत लावून ठेवावा.

शिक्षकांचे स्वतःचे मन

दोन शिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणारा शिक्षक संध्याकाळी घरी जाताना पुष्कळदा स्वतःसच दोष देत असतो. तिसरीकडे पाहिले तर चौथी राहिली, नोंदी भरल्या तर वाचन राहिले. ही रुखरुख कर्तव्यबुद्धीचीच खूण आहे. परंतु तिचे रूपांतर ‘माझ्याने काही होत नाही’ या निराशेत होऊ देऊ नये. जे मुलांस सांगावयाचे तेच येथेही लागू आहे. आज नेमके काय राहिले, ते उद्या कधी करता येईल आणि काय आपल्या हाती नाही, एवढे तीन प्रश्न पुरेत. जो शिक्षक स्वतःस क्षमा करू शकत नाही, त्याला मुलांची चूक शांतपणे पाहणे जड जाते.

समारोप

आनंद हा सर्व दोष नाहीसे झाल्यावर मिळावयाचा असता, तर तो कोणासच मिळाला नसता. चोखोबांची परिस्थिती त्यांच्या हयातीत बदलली नाही. बदलली ती स्वतःकडे पाहण्याची दृष्टी, आणि त्या दृष्टीतून निघालेले अभंग आजही वारीच्या वाटेवर गाइले जातात. शाळेतील प्रत्येक मुलास ती दृष्टी मिळावी आणि ती मिळण्यास सहाशे वर्षे लागू नयेत, हे पाहणे प्राथमिक शिक्षकाच्या हाती आहे.

विचारासाठी प्रश्न

१. आत्मपरीक्षण व आत्मनिंदा यांतील फरक आपल्या वर्गातील एका प्रसंगावरून स्पष्ट करा.

२. ‘मूल स्वतःविषयी जे वाईट बोलते ते बहुधा कोणाकडून तरी ऐकलेले असते.’ आपल्या गावातील अनुभवाच्या आधारे चर्चा करा.

३. गेल्या आठवड्यात वह्या तपासताना लिहिलेले पाच शेरे आठवा. त्यांतील किती चुकीविषयी होते व किती मुलाविषयी?

४. मुलांकडून ‘मला अजून न आलेली एक गोष्ट व ती शिकण्याचा माझा बेत’ या विषयावर पाच ओळी लिहून घ्या. शिक्षकांनीही त्या लिहून वर्गात वाचून दाखवाव्यात.