स्तोत्रं सुखात पाठ करावीत

ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या रात्री मी प्रार्थनेला बसले आणि एक वाक्य जुळेना. डोकं रिकामं झालं होतं. बऱ्याच वेळानं ओठांवर आलं ते तेरावं स्तोत्र. नगरकडच्या आमच्या घरी आजी दिवेलागणीला कुटुंब प्रार्थना घ्यायची आणि आम्हा पोरांकडून स्तोत्रं पाठ करून घ्यायची, तेव्हाचं. सहा वचनांचं छोटं स्तोत्र. सुरुवातीलाच दावीद देवाला चारदा विचारतो, हे कुठवर चालायचं? माझ्याजवळ त्या रात्री तेवढाच प्रश्न होता, आणि तो मला आयता मिळाला.

म्हणून आधी सांगते. संकट आल्यावर प्रार्थना शिकता येत नाही. तेव्हा झोप नसते, पैशांची जुळवाजुळव चाललेली असते, फोन वाजत असतो. आधी जे आत साठलेलं असतं तेच बाहेर येतं. प्रभू येशूचंही तसंच दिसतं. क्रुसावर त्याच्या मुखी आली ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आणि एकतिसाव्या स्तोत्रातलं स्वतःला पित्याच्या हाती सोपवणारं वचन. वेदनेच्या त्या टोकाला त्यानं आपल्या लोकांच्या उपासनेतले जुनेच शब्द घेतले. दहा कुमारींच्या दाखल्यात उसनं तेल मिळत नाही, ते का, हे मला डायलिसिसच्या हॉलबाहेरच्या बाकावर बसून कळलं.

पाठ काय करावं, यातही निवड लागते. आपल्याकडे रविवारच्या शाळेत तेविसावं स्तोत्र सगळ्यांना येतं, एकशे एकविसावं येतं. विलापाची स्तोत्रं मात्र पोरांना कुणी शिकवत नाही. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाचीच आहेत, तरी उपासनेत ती क्वचित ऐकू येतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी दिलाशाचा शब्दही नाही. असं स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं, याचा मला फार आधार वाटला. देवासमोर रडणं, चिडणं, जाब विचारणं ही प्रार्थनाच आहे. लहानपणीच हे कानावर पडलं, तर मोठेपणी दुःखात माणूस स्वतःला अविश्वासी समजून देवापासून तोंड लपवत नाही.

आता सावधगिरीची गोष्ट. ह्यांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास. आधी वजन करायचं, दोन डायलिसिसच्या मध्ये शरीरात किती पाणी साठलं ते पाहायचं. पाणी मोजून प्यायचं. उन्हाळ्यात तहानेनं जीभ टाळूला चिकटायची, तेव्हा बर्फाचा खडा तोंडात धरायचा आणि तोही पाण्याच्या हिशेबात मोजायचा. डायलिसिससाठी हातावर रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केलेला, त्यावर बोटं ठेवली की आतल्या रक्ताची थरथर कळते. ती चालू आहे ना, हे रोज सकाळी मी हात लावून पाहायची. अशा दिवसांत एका प्रार्थना गटाची माणसं घरी आली. हात ठेवून प्रार्थना केली, तोवर सगळं चांगलंच होतं. मग त्यांच्यातले मोठे बंधू ह्यांना म्हणाले, "मशीनवर भरवसा ठेवलात, म्हणून आरोग्य अडलंय. विश्वासानं एकदा सोडून बघा."

मी त्यांना चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं की डायलिसिस सुटणार नाही. किडन्या पूर्ण बंद पडलेल्या माणसानं ते सोडलं तर हातात काही दिवस राहतात, फार तर काही आठवडे. आणि उपचार घेणं म्हणजे अविश्वास नव्हे, हे सांगायला मला कुणा विद्वानाची गरज पडली नाही, शास्त्र वाचलेलं होतं. हिज्कीया राजाच्या गळवावर यशयानं अंजिराचा लेप लावायला सांगितला. पौलानं तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिलं. लूक तर वैद्यच होता. खुद्द पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी पडला, असं कुणी म्हणेल का? तुमच्या घरी कुणी आजारी असेल आणि "तुमचा विश्वास थोडा" असं सांगणारे आले, तर ही उदाहरणं जवळ असू द्या. रोग्याच्या खाटेपाशी बोललेलं ते वाक्य फार खोल जखम करतं. ह्यांनी त्यानंतर कितीतरी दिवस आमेनसुद्धा म्हटलं नाही.

त्या काळात मला पंडिता रमाबाई फार जवळच्या वाटल्या. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. हे सारं ख्रिस्ती होण्याआधीचं. पण श्रद्धा धरल्यावर तरी वाट सोपी झाली का? 1921 साली मनोरमा गेली, एकुलती एक लेक, केडगावच्या मुक्ती मिशन या त्यांच्या संस्थेचं काम जिच्या हाती द्यायचं होतं ती. रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या, आणि ते मराठी बायबल 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आलं. ख्रिस्ताला धरलं की दुःख टळतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आयुष्य नीट पाहावं. हिब्रू आणि ग्रीक शब्दांशी वर्षानुवर्षं बसण्याची सवय होती. मुलगी गेल्यावर ती सवयच त्यांना धरून राहिली असावी, असं मला वाटतं.

सवयीचं महत्त्व म्हणूनच सांगते. रोज एका ठरावीक वेळी, मन लागो न लागो, थोडं वाचन आणि थोडी शांतता. घरात सगळे असतील तेव्हा एकत्र, नाहीतर एकटीनं. बरे दिवस असताना मंडळीतल्या आजाऱ्यांना भेटायला जा, अंत्यविधीला जा, मुलांनाही न्या. दुसऱ्याच्या दुःखात गप्प बसता येणं तिथंच शिकतो आपण. ईयोबाचे मित्र सात दिवस नुसते जमिनीवर बसून राहिले, तोवर ते खरे मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं.

कागदपत्रंही एका पिशवीत ठेवा: आधार, रेशनकार्ड, जुने रिपोर्ट. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी ऐन वेळी धावाधाव होते, ती टाळली की तेवढी शांती उरते. अध्यात्माच्या गोष्टीत हे कुठून आलं, असं वाटेल. मला ते एकाच तयारीचे भाग वाटतात.

आणि ज्यांच्यावर संकट आधीच कोसळलंय, पाठ काहीच नाही, त्यांनी खचू नये. कफर्णहूमातल्या पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उकलून खाली सोडलं. येशूनं पाहिला तो त्यांचा विश्वास, असं मार्कानं लिहिलंय. ह्यांनी एकदा सांगितलं, "मला जमत नाही, तू म्हण." मग मी म्हणायची, ते डोळे मिटून ऐकायचे. पाळकसाहेबांना, शेजारच्या बाईला, कुणालाही सांगा की माझ्या वाटची प्रार्थना तुम्ही करा. मागायला लाजू नका.

तुमच्या मंडळीत कुणाचं डायलिसिस चालू असेल तर वार विचारून घ्या आणि सोबतीच्या माणसाला दोन तास घरी जाऊन झोपू द्या, तुम्ही बाकावर बसा. डबा नेणार असाल तर आधी पथ्य विचारा. प्रेमानं नेलेलं नारळपाणीसुद्धा त्या रोग्याला बाधतं, त्यातलं पोटॅशियम बंद पडलेल्या किडन्या बाहेर टाकू शकत नाहीत.