बलराम आणि श्रीकृष्ण

बलराम हा श्रीकृष्णाचा मोठा भाऊ. त्याची हत्यारे नांगर आणि मुसळ. आमच्या गोठ्यात आज्याचा लाकडी नांगर आहे, तो मला हलतसुद्धा नाही! गदा शिकवण्यात बलराम पटाईत. भीम आणि दुर्योधन दोघेही त्याचेच शिष्य.

कृष्ण आधी समेट करायला हस्तिनापूरला गेला. पण दुर्योधन म्हणाला, सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन देणार नाही. मग कृष्णाने ठरवले की आता लढलेच पाहिजे. स्वतः हत्यार न धरता तो अर्जुनाचा सारथी झाला. बलरामाला हे पटले नाही. दोन्हीकडे आपलीच माणसं, म्हणून तो सरस्वती नदीच्या काठाने तीर्थयात्रेला निघून गेला. युद्ध १८ दिवस चालले. तो ४२ दिवस बाहेर होता.

आता गंमत पाहा. शेवटच्या दिवशी तो परत आला, तर भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारली. कमरेखाली मारायचे नसते. तेव्हा युद्ध नको म्हणणारा बलरामच नांगर उचलून भीमावर धावला! त्याला मिठीत धरून आवरले कृष्णाने.

मला बलरामाचे पटते. पण तो गुरू होता, त्याने तिथेच थांबायला पाहिजे होते. दुर्योधनाने कदाचित ऐकले असते. आमच्या धुऱ्यावरून बाबांचे आणि काकांचे भांडण झाले, तेव्हा मोठे बाबा पंढरपूरला निघून गेले होते. ते आले तोवर बाबांच्या डोक्याला टाके पडले होते.

(इयत्ता चौथी)