मूड आला की लिहीन!



मॅगझिनचं काम सुरू झालं की मराठी विभागाची मंडळी होस्टेलच्या मजल्यामजल्यावर फिरतात. "काहीतरी लिहा ना!" उत्तरं दरवर्षीची ठरलेली. "सबमिशन आहे गं." "सुचतच नाही यार." आणि सगळ्यांचं लाडकं उत्तर म्हणजे, "मूड आला की लिहीन!" हे म्हणणारे लोक काही अरसिक नसतात. मेसच्या रांगेत त्यांच्या तोंडून असे किस्से निघतात की हसून हसून पोट दुखावं. रात्री दोन वाजता गच्चीवर ते असं काही बोलून जातात की ऐकणाऱ्यानं गप्प व्हावं. मग कोरा कागद समोर आला की हे सगळं जातं कुठे? आणि हा मूड नावाचा पाहुणा येतो तरी कधी? जरा अभ्यासच करू या.

पहिला धक्का

आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा सुरुवात फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सपासून. होस्टेलला रूम बदलताना पुस्तकांनी भरलेली ट्रंक ढकलली आहे ना? पहिला धक्का देताना जीव जातो. एकदा का ती सरकली की मग त्यामानाने कमी जोर लागतो. स्टॅटिक फ्रिक्शन जास्त, कायनेटिक फ्रिक्शन कमी. परीक्षेत दोन मार्कांना येणारा हा प्रश्न लिहिण्यालाही तसाच लागू पडतो. सगळा जोर पहिल्या दोन-चार ओळींना लागतो. आपण मात्र समजतो की आधी मनात उत्साह भरून येईल आणि मग हात चालेल. खरं तर बऱ्याचदा उलटं घडतं. हात चालू लागला की उत्साह मागून येतो.

हे नुसतं माझं मत नाही. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिखाण अडलेल्या प्राध्यापकांचे त्याने तीन गट केले. पहिल्या गटाला सांगितलं, अगदी अडलं तरच लिहा. दुसऱ्या गटाला सांगितलं, मनात येईल तेव्हा लिहा. तिसऱ्या गटाला मात्र ठरल्या वेळी लिहायचंच, अशी सक्ती होती. नाही लिहिलं तर त्यांनी आधीच सही करून दिलेला चेक त्यांना अजिबात न आवडणाऱ्या संस्थेला जाणार! निकाल काय लागला? दिवसाला सरासरी पानं अनुक्रमे ०.२, ०.९ आणि ३.२. आता तुम्ही म्हणाल, सक्तीने पानं भरली असतील, पण त्यात राम काय? तर नवीन कल्पनांचीही नोंद ठेवली होती. पहिल्या गटाला साधारण पाच दिवसांतून एकदा नवं काही सुचत होतं, मूडवाल्यांना दोन दिवसांतून एकदा आणि सक्तीवाल्यांना रोज. म्हणजे "सुचलं की लिहीन" यापेक्षा "लिहिलं की सुचेल" हे जास्त खरं.

दुसरा प्रयोग तर विद्यार्थ्यांवरचाच आहे. जर्मनीतले पीटर गोलवित्झर आणि त्यांच्या सहकारी ब्रँडस्टेटर यांनी तो १९९७ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, नाताळची संध्याकाळ कशी गेली ते ४८ तासांच्या आत लिहून पाठवा. अर्ध्या जणांकडून फक्त एक गोष्ट जास्तीची करून घेतली : कधी आणि कुठे बसून लिहिणार, हे आधी ठरवायला लावलं. बस, एवढंच! ज्यांनी ते ठरवलं त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी वेळेत लिहिलं. इतरांपैकी साधारण एक तृतीयांश. इच्छा दोघांचीही होती. फरक वेळेचा आणि जागेचा.

बाइंडरच्या दुकानातला मुलगा

मायकेल फॅरेडेचं नाव आपण बारावीपासून ऐकतो. घरची गरिबी, शाळा जेमतेम, पुस्तकं बांधण्याच्या दुकानात उमेदवारी. हाच मुलगा पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोग करू लागला. आपली स्मरणशक्ती चांगली नाही अशी त्याची नेहमीची तक्रार होती, म्हणून तो सगळं लिहून ठेवायचा. १८३२ पासून त्याने प्रयोगवहीतल्या परिच्छेदांना क्रमांक द्यायला सुरुवात केली आणि १८६० पर्यंत तो आकडा १६,००० च्या पुढे गेला! त्यात जमलेले प्रयोग आहेत तसे फसलेलेही आहेत. आता जरा आपली जर्नल्स आठवा. सीनियरच्या फाइलवरून रीडिंगसकट उतरवलेली! लिहितो आपणही भरपूर, हात दुखेपर्यंत लिहितो, पण त्यात आपलं स्वतःचं वाक्य एकही नसतं. म्हणून चार वर्षं लिहूनही आपल्याला "लिहिता येत नाही".

होस्टेलमधले गुरुजी

दुसरं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आणि चक्क होस्टेलमधलं. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी मुलांसाठी एक हस्तलिखित दैनिक सुरू केलं. दैनिक म्हणजे रोज! दिवसभर शाळा, मुलांची देखभाल, आणि तरी सकाळी मुलांना वाचायला ताजं काहीतरी हजर. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही काढलं.

'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली, हे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. प्रतिभेचा चमत्कार म्हणतो. प्रतिभा होतीच, पण त्या काही दिवसांच्या मागे अमळनेरची कितीतरी वर्षं उभी होती. आणि आणखी एक गोष्ट : त्या दैनिकाचा वाचक गुरुजींना नावानिशी माहीत होता. कोण आजारी आहे, कुणाला घरची आठवण येते, हे डोळ्यासमोर असताना "काय लिहू?" हा प्रश्न पडणारच कसा?

वाचक एक असला तरी पुरे

हे मला पटलं ते माझ्या आजीमुळे. मी कॉन्व्हेंटची. मराठी आमच्याकडे मार्कांपुरतं. जोडाक्षर आलं की पेन थबकायचं. आजी गावी असते, वय त्र्याऐंशी, आणि आता तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. व्हिडिओ कॉलवर ती नुसती हसते, हात हलवते. आमचं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नाही. पण चष्मा लावून ती वाचते. आणि ती फक्त मराठी वाचते.

म्हणून मी तिला पत्र लिहिते. रविवारी मेसमधलं जेवण झालं की स्टडी रूमच्या खिडकीपाशी बसायचं आणि एक पान भरायचं. पहिल्या पत्राला दीड तास लागला होता आणि त्यात चार वाक्यं होती. आता अर्ध्या तासात पान भरतं. आजी उत्तराच्या शेवटी न चुकता एक प्रश्न विचारते : "तुमच्या मेसमध्ये भाकरी मिळते का?" "लेथ मशीन म्हणजे काय गं?" झालं, पुढच्या रविवारचा विषय तयार! तिला समजेल असं लेथ मशीन मराठीत सांगताना ते मलाही पहिल्यांदाच नीट समजलं.

निबंध काय, आता यंत्रही लिहून देतं. पण आपल्या मेसची डाळ, आपल्या रूमचा गळका नळ आणि आपल्या आजीचा प्रश्न त्याला कुठून माहीत असणार? हे आपणच लिहायचं असतं आणि वेळेवर लिहायचं असतं. वाचणारी माणसं आपल्या मूडसाठी कायमची थांबून राहत नाहीत.

मग करायचं काय?

१. वेळ आणि जागा आधी ठरवा. "रोज लिहीन" असं नको. "रात्रीच्या जेवणानंतर, माझ्या टेबलावर" असं हवं.

२. माप लहान ठेवा. दहा मिनिटं किंवा पाच ओळी. सबमिशनच्या आठवड्यातही जमेल एवढंच.

३. पहिल्या ओळी वाईट येऊ द्या. खोडाखोड नंतर. लिहिणं आणि तपासणं एकाच वेळी करणं म्हणजे ब्रेक दाबून गाडी चालवणं!

४. एक वाचक ठरवा. आई, जुना मित्र, धाकटी बहीण, नाहीतर दहा वर्षांनंतरचे तुम्ही स्वतः.

५. थोडं शिल्लक असतानाच थांबा. पुढचं वाक्य माहीत असलं की उद्याचा पहिला धक्का हलका होतो.

६. एखादा दिवस चुकला तर सगळं सोडू नका. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास करून २००९ साली प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागतील असं दिसलं तर कुणाला २५४, मधला आकडा ६६. आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही, हेही दिसलं. आपण मात्र एक दिवस चुकला की "जाऊ दे, आता पुढच्या सेमला" म्हणतो!

यातून सगळे लेखक होतील असं नाही, आणि व्हायला हवेत असंही नाही. पण उद्या प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायचा असेल, नोकरीसाठी स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या असतील, किंवा कुणाला मनातलं सांगायचं असेल, तर तेव्हा शब्द ऐनवेळी दुकानात मिळत नाहीत. ते रोज थोडे थोडे साठवावे लागतात.

तेव्हा आज रात्री मेसमधून वर आलात की मोबाइल जरा उशीखाली ठेवा. रफ वहीचं मागचं पान उघडा. आज दिवसभरात जे सगळ्यात पहिलं आठवेल ते पाच ओळींत लिहा, आणि वर तारीख घाला. मूडची चिंता करू नका. तो उशिरा येतो, पण लिहीत बसलेल्या माणसाकडे येतो!