न, ण आणि नळाची तक्रार



टीईच्या मिनी प्रोजेक्टपर्यंत वेबसाइट म्हणजे "छान रंग, चार बटणे आणि वर कॉलेजचा लोगो" एवढीच माझी समजूत होती. त्यातून मी कॉन्व्हेंटची, मराठीशी नाते बोलण्यापुरतेच. तरी संपादकांनी गळ घातली म्हणून लिहितेय. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. त्या चुकांबद्दलच तर हा लेख आहे!

आमचा चौघांचा ग्रुप. विषय ठरत नव्हता, तेव्हा गाईड सर म्हणाले, "आधी अडचण शोधा, मग कोड लिहा." उदाहरण त्यांनी आपल्या नाशिकचेच दिले. २००३ च्या इथल्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा जीव गेला होता. पुढे २०१५ च्या कुंभमेळ्यासाठी नाशिकच्याच निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी 'अशिओतो' नावाची चटई तयार केली. वाटेवर अंथरलेल्या या चटईवर पाय पडला की तो मोजला जातो, त्यामुळे गर्दी कुठे वाढतेय ते आधीच कळते. शाळेतली मुले एवढे करतात, मग आपण निदान होस्टेलचा गळका नळ तरी बघावा, असे आम्हाला वाटले.

आमच्याकडे तक्रारींचे एक रजिस्टर असते. त्यात लिहायचे आणि वाट बघायची! त्याच्याऐवजी वेबसाइट करायची असे ठरले.

शिकायला बसलो तेव्हा सगळेच नवीन होते. मला ते मेसमुळे समजले. ताटात काय काय आहे (पोळी, भाजी, वरण, भात) ते सांगते एचटीएमएल. कुठला पदार्थ कुठे, कसा वाढायचा ते ठरवते सीएसएस. "अजून एक पोळी!" म्हटल्याबरोबर जागेवर हलते ते जावास्क्रिप्ट. आत स्वयंपाकघरात राबते ते पीएचपी आणि कोठीची खोली म्हणजे मायएसक्यूएल, आमचा डेटाबेस. जेवणाऱ्याला फक्त ताट दिसते, पण कोठीत घोळ झाला की ताटात येतोच.

दोन आठवडे रात्री जागून साइट उभी केली. पूर्ण इंग्रजीत, एकदम चकाचक. मोठ्या ऐटीत नळदुरुस्तीच्या मामांना दाखवली. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला, मग हळूच म्हणाले, "ताई, हे तुम्हीच वाचून दाखवा." मी एकदम गप्प झाले. रजिस्टर मराठीत होते, ते मामांना वाचता यायचे. म्हणजे आम्ही त्यांचे काम सोपे करायच्या नादात अवघड करून ठेवले होते.

मग सगळे मराठीत करायला घेतले. पहिली तक्रार टाइप केली, सेव्ह केली, उघडली, तर समोर नुसती प्रश्नचिन्हे! आधी वाटले फॉन्ट गेला. पण मुळाशी गेल्यावर कळले ते असे.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोडमध्ये जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एक आकडा दिलेला आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. 'क' चा आकडा २३२५. हा आकडा साठवण्याची एक पद्धत म्हणजे यूटीएफ-८, तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'स्त्री' हे आपल्याला एकच अक्षर दिसते, पण आत स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी ६ चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट!

आमचा मायएसक्यूएल जुन्या आवृत्तीचा. ५.७ पर्यंत त्याची मूळ सेटिंग लॅटिन-१ असायची. त्यात पश्चिम युरोपातल्या भाषांची अक्षरे मावतात, देवनागरीला जागाच नाही. जे मावेना तिथे प्रश्नचिन्ह. आणि एकदा प्रश्नचिन्ह साठवले गेले की मूळ अक्षर गेले ते गेलेच, नंतर कितीही फॉन्ट बदला. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून मूळ सेटिंगच यूटीएफ-८ वाली झाली. आम्ही टेबल आणि कनेक्शन दोन्हीकडे ती हाताने लावली. प्रश्नचिन्हे गायब!

पण खरी फजिती पुढेच होती. सबमिशनच्या आदल्या दिवशी मी फिल्टर तपासत होते. वीज, पंखा, दरवाजा, सगळे बरोबर. पाण्याच्या तक्रारी मात्र शून्य! आणि आमच्या मजल्यावर तर दोन दिवस नळाला धार नव्हती. रात्री अकरापर्यंत आम्ही चौघे कोड चाळत होतो. सकाळी मामा बादली घेऊन आले, स्क्रीनकडे बघून हसले आणि म्हणाले, "ताई, पानी नाही, पाणी. बाणातला ण."

चूक माझी होती. फिल्टरमध्ये मी 'पानी' लिहिले होते, तक्रार करणाऱ्या मुलींनी 'पाणी'. न चा आकडा २३४४, ण चा २३३९. आपण बोलताना एकमेकांना समजून घेतो, कॉम्प्युटर घेत नाही. त्याच्या लेखी हे दोन वेगळेच शब्द. एक अक्षर बदलले आणि अकरा तक्रारी धडाधड स्क्रीनवर आल्या. त्या रात्रभर डेटाबेसमध्ये पडून होत्या, आम्हीच त्या शोधत नव्हतो.

पुढच्या वर्षी प्रोजेक्ट करणाऱ्यांना चार गोष्टी सांगते. एक, पहिल्याच दिवशी पानाला, टेबलला आणि कनेक्शनला यूटीएफ-८ लावा. दोन, टेस्टिंगला "एबीसी" टाकू नका, 'स्त्री', 'दुरुस्ती', 'तऱ्हा' असे शब्द टाका. तीन, नेहमीचे शब्द टाइप करायला लावू नका, यादीतून निवडायला द्या. आणि चार, साइट जो वापरणार आहे त्याला पहिल्या आठवड्यातच दाखवा, शेवटच्या नाही.

व्हायवात एक्स्टर्नलनी विचारले, "टेस्टिंग कोणी केले?" मी मामांचे नाव सांगितले. सर हसले, पण मी गंमत करत नव्हते.

आणि हो, आमच्या मजल्यावर आता पाणी येते. ण चे!